बेसमेंटमधून : फुकट ते पौष्टिक?



गणपती झाले, दसरा झाला, आणि हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर फराळाच्या डब्यांचा तळही दिसू लागला असेल. ह्या खेपेला खरे म्हणजे घरातल्या सोलर पॅनेलबद्दल लिहायचे ठरवले होते. पण आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत जो काय वाद रंगला, त्यानंतर सोलर पॅनेलला पुढच्या अंकापर्यंत थांबावे लागणार आहे. सभेला जे आले नव्हते (म्हणजे बहुतेक सगळेच!) त्यांच्यासाठी थोडक्यात वृत्तान्त देतो.

विषय निघाला वेबसाइटच्या खर्चाचा. गणपतीच्या जेवणाची तिकिटे यंदा आपण वेबसाइटवरून विकली, सभासदांची यादीही आता तिथेच असते, आणि हे सगळे ज्या सॉफ्टवेअरवर चालते त्यातले जवळजवळ सगळे ओपन सोर्स आहे. म्हणजे मंडळाने त्यासाठी एक डॉलरही मोजलेला नाही. मी आपला भाबडेपणाने उठलो आणि म्हणालो, की ज्यांच्या कामावर आपला संसार चालतो त्यांना मंडळाने दरसाल २०० डॉलर द्यावेत. हॉलच्या भाड्यापुढे आणि श्रीखंडाच्या बिलापुढे ही रक्कम म्हणजे किस झाड की पत्ती!

आमचे खजिनदारकाका १९७०च्या दशकात इथे आले. एकेक सेंट जपून मंडळ उभे करणाऱ्यांपैकी ते एक. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "अरे बाबा, ते फुकट आहे ना? मग पैसे कशाला द्यायचे? आणि ज्यांनी फुकट दिलंय, त्यांनी आता पैसे मागायचे, ही कुठली रीत?" मागच्या रांगेतून कोणीतरी "फुकट ते पौष्टिक!" असा पुकारा केला, हशा पिकला, आणि ठराव जानेवारीच्या सभेवर ढकलून मंडळी बटाटेवड्यांकडे वळली.

काकांचा प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. कारण तो नुसता मंडळाचा नाही, माझाही आहे. गेली कित्येक वर्षे ह्याच बेसमेंटमध्ये बसून मी स्वतः असले एक 'फुकट' सॉफ्टवेअर सांभाळतो. तेव्हा आज काकांना सविस्तर उत्तर.

सुरुवात 'फुकट' ह्या शब्दापासूनच करू. इंग्रजीत 'फ्री' ह्या एकाच शब्दाने मोठा घोळ करून ठेवला आहे. मोफत तेही फ्री आणि मुक्त तेही फ्री! आपल्या मराठीत हे दोन शब्द सुदैवाने वेगळे आहेत. ओपन सोर्स सॉफ्टवेअर हे मुळात 'मुक्त' असते. त्याचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, कोणालाही वाचता येतो, बदलता येतो, पुढे देता येतो. गोड्या मसाल्याच्या पाकिटाबरोबर त्याची पाककृती दिल्यासारखे आहे हे. तुम्ही त्यात दगडफूल कमी घाला, धने वाढवा, आणि हवे तर आपल्या नावाने मसाला विका. कोणाची हरकत नाही. पण पाककृती खुली आहे म्हणून मसाला कुटून देणाऱ्याने मजुरी घ्यायची नाही, असे कुठे लिहिले आहे?

खरोखरच ते कुठेही लिहिलेले नाही, उलटच लिहिलेले आहे. रिचर्ड स्टॉलमन हे ह्या चळवळीचे मूळपुरुष. १९८३ साली त्यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. विचाराने इतके कडवे, की तडजोडीचे नाव काढू नये. पण त्यांनी स्वतः काय केले? एमआयटीतली नोकरी सोडल्यावर त्यांनी आपल्या 'ईमॅक्स' ह्या प्रोग्रॅमच्या टेप विकल्या, १५० डॉलरला एक! ज्याला इंटरनेटवरून घेता येत होते त्याने ते फुकट घ्यावे, ज्याला टेप हवी त्याने पैसे पाठवावेत. त्यांनी पुढे जो प्रसिद्ध जीपीएल परवाना लिहिला, तोही सॉफ्टवेअरच्या प्रतीला हवी ती किंमत लावायची मुभा देतो. अट एवढीच, की घेणाऱ्याला सोर्स कोडही मिळाला पाहिजे आणि तो पुढे वाटण्याचा हक्कही.

दुसरी गंमत लिनक्सची. लिनस टोरवाल्ड्स ह्या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स प्रथम लोकांपुढे ठेवले, तेव्हा त्याच्या परवान्यात चक्क पैसे घ्यायला बंदी होती! प्रती काढून देण्याचा खर्चसुद्धा घ्यायचा नाही, असे त्याचे म्हणणे. लगेच लोकांची पंचाईत झाली. ज्यांना फ्लॉपीवर भरून आपल्या क्लबात वाटायचे होते, त्यांनी फ्लॉपीचे पैसे कुठून आणायचे? शेवटी १९९२च्या सुरुवातीला टोरवाल्ड्सने ती अट काढून टाकली आणि जीपीएल स्वीकारला. पैशाला दार उघडले म्हणून लिनक्स बिघडले काय? उलट, ते जगभर पसरले, आणि आज लिनक्सच्या गाभ्यावरचे बहुतेक काम निरनिराळ्या कंपन्यांतली पगारी माणसे करतात. म्हणजे काका, 'पैसे मागायचे ही कुठली रीत' ह्याचे पहिले उत्तर असे, की ती पहिल्या दिवसापासूनची रीत आहे.

आणि त्यावर लोकांनी चांगला धंदाही केला आहे. १९८९ साली कॅलिफोर्नियात तिघांनी मिळून 'सिग्नस' नावाची कंपनी काढली. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरला आधार द्यायचा, म्हणजे अडले तर दुरुस्त करून द्यायचे, नव्या यंत्रावर बसवून द्यायचे, आणि त्याचे पैसे घ्यायचे. रेड हॅटने हाच मार्ग मोठा केला, पुढे सिग्नसलाही विकत घेतले, आणि २०१९ साली त्या रेड हॅटला आयबीएमने ३४०० कोटी डॉलर मोजून घेतले. तुमच्या-आमच्या प्रत्येक फोनमध्ये 'एस्क्यूलाइट' नावाचा एक छोटा डेटाबेस असतो. रिचर्ड हिप ह्यांनी तो २००० साली लिहिला आणि त्यावरचा हक्कच सोडून दिला. कोणीही घ्यावा, काहीही करावे. पण मोठ्या कंपन्यांच्या वकिलांना असे फुकट मिळालेले पचत नाही. त्यांना सहीशिक्क्याचा कागद लागतो. तेव्हा हिप ह्यांची कंपनी अशांना तो कागद विकते! शिवाय दरसाल वर्गणी भरणाऱ्या कंपन्यांचा एक संघ आहे, आणि त्यातून हे मोजक्या माणसांचे काम वर्षानुवर्षे नीट चालले आहे.

'मग प्रश्नच मिटला!' असे तुम्ही म्हणाल. नाही मिटत. कारण रेड हॅट आणि एस्क्यूलाइट ही वरची साय झाली. खाली भांड्यात काय आहे, ते पाहू.

एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' नावाचे प्रकरण गाजले, तुमच्यापैकी अनेकांनी तेव्हा बँकेचे पासवर्ड बदलले असतील. 'ओपनएसएसएल' हे सॉफ्टवेअर इंटरनेटवरची बोलणी गुप्त ठेवते. त्यात एक भोक निघाले, आणि ते दोन वर्षांहून अधिक काळ तिथे होते. चौकशी करता लोकांना कळले, की जगातल्या बँका, दुकाने, सरकारे ज्याच्यावर विसंबून आहेत त्या प्रकल्पाला वर्षाकाठी साधारण २००० डॉलर देणग्या मिळतात, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक! २००० डॉलर! अहो, आपल्या दिवाळी कार्यक्रमाचा साउंडवाला ह्याच्या जवळपास घेतो. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे' नावाच्या, जावातल्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असेच भगदाड सापडले. ते सांभाळणारे लोक आपापल्या नोकऱ्या करून उरलेल्या वेळात ते पाहत होते. जगभरचे इंजिनियर त्या महिन्यात रात्री जागले, मीही जागलो. आम्हांला त्याचे पगार मिळत होते. ज्यांनी ते भगदाड बुजवले, त्यांना नाही.

पण माझी झोप खऱ्या अर्थाने उडवली ती २०२४च्या मार्चमध्ये घडलेल्या 'एक्सझेड'च्या गोष्टीने. फायली दाबून लहान करणारे हे एक साधे सॉफ्टवेअर, बहुतेक सगळ्या लिनक्स यंत्रांवर असते. लासे कॉलिन नावाचे फिनलंडचे गृहस्थ ते एकटेच सांभाळत. २०२२ साली काही लोक त्यांच्या मागे लागले, की तुम्ही काम फार हळू करता, दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवा. त्यांनी उत्तर दिले ते मी पुढे वाचले. आपली मनःस्थिती बरेच दिवस ठीक नाही, आणि हा बिनपगारी, छंदाचा प्रकल्प आहे हे ध्यानात ठेवावे, अशा अर्थाचे. मदतीला एकजण अगदी गोड बोलून पुढे आला. 'जिया टॅन' हे त्याचे नाव, खरे की खोटे कोण जाणे. दोन वर्षे त्याने इमानेइतबारे काम केले, विश्वास मिळवला, किल्ल्या मिळवल्या, आणि मग त्या सॉफ्टवेअरमध्ये एक चोरदरवाजा बसवला. त्यातून जगातल्या असंख्य यंत्रांत शिरता आले असते. आन्द्रेस फ्रॉइंड नावाच्या एका इंजिनियरला आपल्या यंत्रावर लॉग-इन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले. दुसऱ्या कोणी दुर्लक्ष केले असते, हा पठ्ठ्या खणत बसला, आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने भांडे फोडले. अर्ध्या सेकंदावर बचावलो, मंडळी!

आता ह्यात पैशाचा संबंध काय? पैसे दिले असते तर चोर आलाच नसता, असे मी म्हणणार नाही. पण थकलेला, एकटा, कोणाचाच नोकर नसलेला आणि तरीही सगळ्यांचा चाकर झालेला माणूस मदतीचा पहिला हात धरतो. तो हात कोणाचा, हे पाहायला त्याच्यापाशी बळ उरलेले नसते.

हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण मीही तिथवर पोचलो होतो.

मी २००३ साली इथे एमएस करायला आलो. विजेचे मीटर आणि कारखान्यातली यंत्रे 'मॉडबस' नावाच्या जुन्या भाषेत बोलतात. ती समजून घ्यायला मी २००७ साली एक लहानसे सॉफ्टवेअर लिहिले, आणि उगाच पडून राहण्यापेक्षा लोकांना उपयोग होईल म्हणून खुले केले. खरे सांगायचे तर थोडी हौस, थोडी शेखी! अनोळखी लोकांच्या आभाराच्या मेल आल्या की अंगावर मूठभर मांस चढायचे. हळूहळू मेलचा सूर बदलला. 'हे चालेल का?' हे 'हे का चालत नाही?' झाले, आणि पुढे 'कधी करून देता?'

२०१४ची दिवाळी. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ, पण इथला आपला कामाचाच गुरुवार. धावतपळत घरी येऊन पूजा मांडत होतो, तेवढ्यात एका कंपनीची मेल आली. नाव सांगत नाही, मोठी होती. त्यांच्या कारखान्यातली एक लाइन बंद पडली होती, दोष माझ्या सॉफ्टवेअरमध्ये होता, आणि सकाळपर्यंत दुरुस्ती हवी होती. भाषा अशी, जणू मी त्यांच्या रात्रपाळीला होतो! मी नाही म्हणू शकलो असतो. बहुतेक ओपन सोर्स परवान्यांत मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, 'जसे आहे तसे, हमी नाही.' पण दोष माझा होता, आणि लाज वाटली. रात्री अडीचला दुरुस्ती पाठवली. सकाळी उत्तर आले, "थँक्स. क्लोजिंग." बस्स, दोन शब्द! बायकोने चहा ठेवता ठेवता विचारले, "ह्याचे किती मिळाले?" मी म्हणालो, "तसं नसतं ते." ती म्हणाली, "मग कसं असतं?" मला सांगता येईना. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती, तिच्या फुलबाज्या तशाच राहिल्या होत्या.

आणि मिळणार असते तरी मला घेता आले नसते. ही गोष्ट इथल्या अमेरिकन मित्रांना पटकन कळत नाही, तुम्हांला कळेल. मी एच-वन व्हिसावर होतो. ज्या कंपनीने व्हिसा काढला तिच्याखेरीज दुसऱ्या कोणासाठी काम करून पैसे घेणे म्हणजे व्हिसाची अट मोडणे. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका कंपनीने एक सोय वाढवून देण्यासाठी ५००० डॉलर देऊ केले होते. वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "ग्रीन कार्डची फाइल आत असताना? विचारही करू नका." मी त्या कंपनीला कळवले, की पैसे नकोत. त्यांना वाटले, काय साधा माणूस आहे! त्यांनी ती सोय फुकटात मागितली, आणि मी मूर्खासारखी करूनही दिली. जगातल्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या भारतीय पोरांचे किती रात्रींचे काम असे व्हिसाच्या भिंतीआड बिनमोल गेले असेल, ह्याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

२०१९ साली ग्रीन कार्ड आले. त्यानंतर मी धीर करून, ज्यांचा वापर मला ठाऊक होता अशा चार कंपन्यांना पत्रे लिहिली. दोघांकडून उत्तरच नाही. तिसऱ्यांनी कळवले, की फुकट सॉफ्टवेअरसाठी पैसे देण्याची आमची पद्धत नाही. (काका, तुमचेच भाऊबंद!) चौथ्यांनी मात्र फोन केला, आणि त्या फोनवर मी जे शिकलो ते कुठल्याच पुस्तकात वाचले नव्हते. तो मॅनेजर म्हणाला, "तुम्ही देणगी मागितलीत. देणगी द्यायची तर मला उपाध्यक्षांपर्यंत जावं लागतं. तेवढ्याच रकमेचं वार्षिक सपोर्टचं बिल पाठवा, मी आत्ता सही करतो." बिल पाठवले, पैसे आले! म्हणजे इतकी वर्षे त्यांची द्यायची तयारी नव्हती असे नाही, कुठल्या खात्यातून काढायचे तेच त्यांना ठाऊक नव्हते. तरुण मित्रांना माझा एकच व्यवहारी सल्ला आहे. कृतज्ञता मागू नका, बिल पाठवा.

इथे गोष्ट 'सुखाने नांदू लागले' म्हणून संपवता आली असती. पण सदर लिहायचे तर दुसरी बाजूही सांगायला हवी. पैसे आले हे मी प्रकल्पाच्या पानावर जाहीर केले. चार दिवसांनी सांगलीच्या एका इंजिनियरिंग कॉलेजातल्या मुलाची मेल आली. गेली दोन वर्षे तो अधूनमधून दुरुस्त्या पाठवायचा, चांगल्या असायच्या. त्याने अगदी नम्रपणे लिहिले होते, "सर, अभिनंदन. एक विचारू का? माझ्या दुरुस्त्यासुद्धा त्यात आहेत ना?"

दोन दिवस मी उत्तर दिले नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी ज्या कंपनीच्या नावाने बोटे मोडली, तिच्या जागी आता मी होतो! कायद्याने पाहिले तर त्याने लिहिलेल्या ओळींवर हक्क त्याचाच, त्याने त्या खुल्या परवान्याखाली दिल्या एवढेच. आणि असे हात लावणारे एकवीस जण होते. कोणी तीनशे ओळी लिहिलेल्या, कोणी एक स्वल्पविराम सुधारलेला. वाटणी कशी करायची? शेवटी मी सगळ्यांना पत्र लिहिले, जमा झालेल्यातला निम्मा भाग गेल्या दोन वर्षांत नेमाने काम करणाऱ्यांत वाटायचे ठरवले. सांगलीच्या मुलाला त्याचा वाटा मिळाला, त्याने त्यातून लॅपटॉपची मेमरी वाढवली. पण एक जर्मन गृहस्थ, सुरुवातीपासून बरोबर असलेले, शांतपणे बाहेर पडले. त्यांचे म्हणणे असे, की मी संध्याकाळी इथे यायचो ते ऑफिसपासून सुटका म्हणून, आता इथेही तासांचा हिशेब सुरू झाला. मला त्यांचे म्हणणे चुकीचे वाटले नाही, आजही वाटत नाही. गणपतीच्या मखराला रात्रभर कागद चिकटवणाऱ्या माणसाला तासाला पंधरा डॉलर देऊ केले, तर पुढच्या वर्षी तो येईल काय?

तेव्हा 'पैसे घ्यावेत की नाही' ह्याचे सरसकट उत्तर नाही. आमचे आजोळ सातारा जिल्ह्यातले. आजोबा सांगायचे, की सुतार वर्षभर नांगर दुरुस्त करायचा, दर खेपेला पैसे मागायचा नाही, पण खळ्यावर रास पडली की त्याचा वाटा आधी बाजूला निघायचा. ते बलुते. ती देणगी नव्हती, हक्क होता. मला हे रूप फार जवळचे वाटते. काम खुले, रोजची मोजदाद नाही, पण पीक ज्याच्या घरात येते त्याने वाटा काढायचा. अर्थात त्या व्यवस्थेचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले, आणि ज्यांच्या वाट्याला राबणे सक्तीचे आणि वाटा उष्ट्याचा होता त्यांनी काय भोगले, ते शिकल्यासवरल्या मराठी घरांना वाचावे लागले. त्या माणसांना 'नाही' म्हणायची सोय नव्हती. म्हणून वाट्याच्या हक्काइतकाच 'नाही' म्हणण्याचा हक्कही महत्त्वाचा. दोन्ही असतील तरच ही गावकी चालेल.

काही कंपन्यांनी तिसराच मार्ग धरला. आधी सॉफ्टवेअर खुले ठेवायचे, जगभरच्या लोकांकडून ते वाढवून घ्यायचे, आणि जम बसला की परवाना बदलून दार लावून घ्यायचे. २०२१ साली इलॅस्टिकने, २०२३ साली हॅशिकॉर्पने, २०२४ साली रेडिसने हे केले. त्यांचीही तक्रार खरी होती. मोठ्या क्लाउड कंपन्या त्यांचेच सॉफ्टवेअर विकून पैसा करत होत्या. पण सगळ्यांनी मिळून खणलेल्या विहिरीला नंतर कुलूप लावले, की गावकरी शेजारी दुसरी विहीर खणतात. इथेही तसेच झाले. जुन्या खुल्या आवृत्त्या घेऊन लोकांनी वेगळे प्रकल्प काढले, आणि इलॅस्टिक व रेडिस ह्या दोघांनाही पुढे खुला परवाना पुन्हा द्यावा लागला. पैसे घेणे वेगळे आणि आधी दिलेला शब्द फिरवणे वेगळे, एवढा बोध त्यातून घ्यावा.

वाटा काढण्याची सुरुवात झालेली आहे. जर्मनीच्या सरकारने २०२२ साली अशा पायाभूत सॉफ्टवेअरसाठी स्वतंत्र निधी उभारला, रस्ते-पूल सांभाळतात तसाच हाही खर्च, ह्या भूमिकेतून. आपल्या भारतातही बंगळूरच्या झिरोधाने २०२४ साली दरसाल १० लाख डॉलर जगभरच्या खुल्या प्रकल्पांना द्यायचे ठरवले. त्याच साली हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अभ्यासकांनी एक अंदाज मांडला. जगात वापरात असलेले खुले सॉफ्टवेअर एकदाच नव्याने लिहायचे तर सुमारे ४१५ कोटी डॉलर लागतील, पण ते नसतेच आणि प्रत्येक कंपनीला आपापले लिहावे लागले असते, तर खर्च सुमारे ८.८ लाख कोटी डॉलर! एवढी रास खळ्यावर पडली आहे, आणि सुताराचा वाटा अजून मोजायचाच आहे.

आता शेवटचे, खास खजिनदारकाकांसाठी. काका, तुम्ही रोज सकाळी व्हॉट्सॲपवर मराठीत सुविचार पाठवता. 'दुसऱ्या' शब्दातला तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा 'र' आणि 'ज्ञानेश्वर'मधला 'ज्ञ' तुमच्या अँड्रॉइड फोनवर जुळवून कोण देतो? 'हार्फबझ' नावाचे एक खुले सॉफ्टवेअर. नाव फारसी आहे, अक्षरे जुळवणे हे त्याचे काम. जुन्या काळी आपल्या ह्याच त्रैमासिकासाठी मराठी फाँट विकत आणावा लागे, आणि तो ज्या एका यंत्रावर असे त्याच्यापुढे संपादकांना रात्र काढावी लागे, हे तुम्ही मला स्वतः सांगितले आहे. आज मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेले 'मुक्ता' आणि 'बलू' हे देखणे देवनागरी फाँट कोणालाही घेता येतात. रेड हॅटने २००४ साली 'लोहित' फाँट खुले केले, आणि त्यांच्या पुण्याच्या ऑफिसातल्या पगारी लोकांनी ते पुढे कितीतरी वर्षे सांभाळले. आपली अक्षरे आपल्याला फुकट मिळाली, पण ती फुकटात झाली नाहीत. कोणीतरी कोणाला तरी पगार दिला, किंवा कोणीतरी आपली रात्र दिली.

हा मजकूर संपादकांकडे पाठवण्यापूर्वी, आपल्याविषयी लिहिले आहे तर आधी विचारावे म्हणून, मी काकांना फोनवर वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले, रागावले. मग म्हणाले, "ते दोनशे डॉलर... पावती मिळेल का रे? ऑडिटला लागते."

म्हटले, "काका, पावती काय, बिलच पाठवायला सांगतो!"

तेव्हा मंडळी, जानेवारीच्या सभेला जरूर या. ठराव पुन्हा मांडणार आहे, आणि ह्या वेळी मला बहुधा एक अनुमोदक मिळाला आहे. सोलर पॅनेल पुढच्या अंकात, नक्की!